किल्ले दिसले, घरे दिसली नाहीत



मागच्या अंकात या पानावर आमची भेट झाली नाही, म्हणून काही वाचक भगिनींनी चौकशी केली. तब्येत उत्तम आहे, अल्हम्दुलिल्लाह. आम्ही लेकीकडे स्कॉटलंडला गेलो होतो. जावई एडिंबरा शहरात नोकरीला आहेत. नातवंडांना पोटभर पाहून तीन आठवड्यांनी परतलो.

निघायच्या आदल्या रात्री कुवेतहून थोरल्या भाईंचा फोन आला. खाडीकाठचे आमचे वडिलोपार्जित घर विकायचे ठरते आहे, गिऱ्हाईक मुंबईचे आहे, भाव चांगला देतो आहे. तिघांपैकी दोघांची संमती झाली, आमची सही राहिली. आम्ही म्हटले, "परत आल्यावर बघू." बॅगा बांधायच्या गडबडीत तेवढ्यावरच विषय थांबला. घर बारा वर्षे बंदच आहे. वर्षातून एकदा जाऊन कौले शाकारून घ्यायची, परसातली नारळाची झाडे पाहायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत फिरायचे, एवढाच आमचा त्याच्याशी संबंध उरला आहे.

आता सफरीकडे वळू. जावयांनी एका जूनच्या शनिवारी आम्हा दोघांसाठी एक दिवसाची सहल ठरवली. मोठ्या बसने न पाठवता सोळा माणसांची लहान गाडी निवडली. डोंगरातले रस्ते अरुंद असतात, छोटी गाडी हवी तिथे थांबू शकते आणि चालकच वाटाड्या असल्यामुळे प्रश्न विचारता येतात, असे त्यांचे म्हणणे. ते खरे निघाले. आमचा चालक घागऱ्यासारखा चौकड्यांचा किल्ट नेसून आला होता. त्याचे वय पन्नाशीचे, आवाज मोठा, आणि गाडी चालवताना सतत बोलण्याची सवय.

लेकीने डबा बांधून दिला होता. तांदळाच्या भाकऱ्या, सुका खिमा आणि उकडलेली अंडी. तिकडे जाणाऱ्यांसाठी सांगतो, एडिंबरा आणि ग्लासगोत हलाल जेवण सहज मिळते, पण डोंगरात शिरल्यावर तशी आशा ठेवू नये. मासळी आणि बटाट्याचे तळलेले काप सगळीकडे मिळतात, मात्र काही दुकानांत ते गुरांच्या चरबीत तळतात. विचारले की ते लोक खरे सांगतात. एरवी भाजीचे सूप आणि स्कोन नावाचा पाव यांवर दिवस निघतो.

नमाजची आम्हाला काळजी होती. जूनमध्ये तिथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे मगरिब घरी पोहोचल्यावरच. जोहर आणि असर तेवढ्या वाटेत येणार होत्या. आम्ही शाफिई, आणि प्रवास दीडशे किलोमीटरच्याही पुढचा, त्यामुळे सफरात दोन्ही नमाजा कस्र करून एकत्र अदा करण्याची सवलत होती. दुपारच्या मुक्कामी वीस मिनिटे लागतील असे चालकाला सकाळीच सांगून ठेवले. त्याने मान हलवली आणि वहीत लिहून घेतले.

एडिंबरा सोडल्यावर रस्त्याकडेला पोलादाची दोन प्रचंड घोड्यांची मुंडकी दिसली. त्यांना केल्पी म्हणतात. उंची तीस मीटर. तिथल्या लोककथेत पाण्यात राहणारा घोडा असतो, त्याचे ते रूप. पुढे उंच कड्यावर स्टर्लिंगचा किल्ला दिसला. तो गाडीतूनच पाहिला आणि थांबलो ते डून या गावी.

डूनचा किल्ला चौदाव्या शतकाच्या अखेरीस अल्बनीचा ड्यूक रॉबर्ट स्टुअर्ट याने बांधला. हा राजा नव्हता, राजाचा भाऊ होता. राजा आजारी, पुढे गादीचा वारस पुतण्या इंग्लंडमध्ये कैदेत, त्यामुळे सगळा कारभार याच्या हाती. राजाशिवाय राज्य करणाऱ्या माणसाचा थाट त्या वास्तूत पुरेपूर दिसतो. दरवाजावरचा बुरूज जवळजवळ शंभर फूट उंच आहे. तो मेल्यावर पुतण्या सुटून आला आणि १४२५ मध्ये त्याने ड्यूकच्या मुलाचा शिरच्छेद करवला. किल्ला राजघराण्याकडे गेला. भावाभावांतल्या मालमत्तेचा शेवट कुठेही सारखाच, असे आमच्या मनात आले आणि कुवेतचा फोन आठवला.

आम्हाला सगळ्यात आवडला तो तिथला मुदपाकखाना. चूल एवढी रुंद की आपल्या घरातली एक खोली तिच्यात मावेल. शेजारच्या दालनात अन्न वाढून देण्यासाठी भिंतीत दोन कमानी ठेवल्या आहेत. पुढे १७४६ मध्ये इथे युद्धकैदी ठेवले होते आणि त्यांतले काही चादरींना गाठी मारून वरच्या खिडकीतून पळाले. चालकाने हे सांगितल्यावर गाडीतल्या दोन शाळकरी मुलांनी प्रत्येक खिडकीतून वाकून खाली पाहिले. त्यांच्या आईचा जीव मात्र वर-खाली होत होता.

डून सोडले आणि कॅलंडर गावानंतर डोंगर सुरू झाले. पाऊस आला, गेला, ऊन पडले, पुन्हा पाऊस आला. हिरवेगार उतार, त्यांवरून सुटलेले पांढरे ओहोळ, काळ्या तोंडाच्या मेंढ्या. कितीतरी मैल एकही घर नाही. आमच्या मागच्या बाकावरचा एक तरुण म्हणाला, "किती सुंदर! माणसाचा हातच लागलेला नाही."

चालक थोडा वेळ गप्प झाला. मग म्हणाला, "हात लागलेला नाही असे नाही. हात लागला म्हणूनच हे असे दिसते."

आणि त्याने जे सांगितले ते वाचकांना थोडक्यात सांगतो. या डोंगराळ मुलुखात पूर्वी टोळ्यांचे राज्य होते. तिथे टोळीला क्लॅन म्हणतात. टोळीचा सरदार, त्याच्या नावाने ओळखले जाणारे लोक, आणि दऱ्यादऱ्यांतून त्यांच्या वाड्या. १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर बंडखोर सरदारांचा पराभव झाला. त्यानंतर सरकारने सरदारांचे जुने अधिकार काढून घेतले. सरदाराला आता तलवारीच्या माणसांची गरज राहिली नाही, गरज होती पैशाची. लोकरीला भाव होता. दक्षिणेकडचे मेंढपाळ दरीच्या दरी भाड्याने घ्यायला तयार होते आणि छोट्या कुळांपेक्षा जास्त खंड देत होते. कुळांकडे बहुधा लेखी काहीच नव्हते. "आमचा बाप इथे होता, त्याचा बाप इथे होता," एवढाच त्यांचा हक्क. न्यायालयात तो चालला नाही.

उत्तरेकडच्या सदरलँड भागात सगळ्यात वाईट झाले. १८१४ मध्ये स्ट्राथनेव्हर दरीत लोकांना बाहेर काढून छपरे पेटवून दिली, म्हणजे कोणी परत येऊ नये. तिथल्या कारभाऱ्यावर १८१६ मध्ये खटला चालला. तो निर्दोष सुटला. आमची गाडी चालली होती तो ब्रेडालबेनचा मुलूख. इथेही १८३० आणि १८४० च्या दशकांत जमीनदाराने अनेक कुटुंबे उठवली. काही लोक किनाऱ्यावरच्या खडकाळ तुकड्यांवर गेले, काही ग्लासगोच्या गिरण्यांत, आणि पुष्कळ जण जहाजात बसून कॅनडा नि ऑस्ट्रेलियाला. सगळेच मारून-मुटकून गेले असेही नाही. १८४६ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला, उपासमार झाली, आणि काहींनी आपणहूनच वाट धरली. चालकाने हेही प्रामाणिकपणे सांगितले. त्या लोकांबरोबर त्यांची गेलिक भाषाही गेली. २०११ च्या जनगणनेत सगळ्या स्कॉटलंडमध्ये ती बोलणारे सुमारे सत्तावन्न हजार उरले होते.

आमच्या पुढच्या बाकावर एक सत्तरीच्या बाई एकट्याच बसल्या होत्या. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाहून आल्या होत्या. त्या मागे वळून आम्हाला म्हणाल्या, "माझ्या पणजोबांचे आजोबा याच भागातून गेले. काल मी त्यांची वाडी शोधून काढली. भिंती गुडघ्याएवढ्या उरल्या आहेत. आत नेच्यांचे रान माजले आहे. उंबरठ्याचा दगड तेवढा जागेवर आहे. मी त्यावर बसून आले."

पुढे ऑ नावाचा तलाव लागला. स्कॉटलंडमध्ये तलावाला लॉख म्हणतात. हा एक्केचाळीस किलोमीटर लांबीचा, देशातला सर्वांत लांब गोड्या पाण्याचा तलाव. त्याच्या टोकाला किलखर्नचा पडका किल्ला उभा आहे. पंधराव्या शतकाच्या मध्याला ग्लेनऑर्कीच्या कॅम्पबेल सरदाराने तो बांधला. हेच घराणे पुढे ब्रेडालबेनचे जमीनदार झाले. सतराव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी आत दोनशे शिपायांसाठी बराक काढली. पुढे १७६० च्या सुमारास वीज पडली आणि मग तिथे कोणी राहिले नाही. बुरुजाचे एक शिखर अजून अंगणात उलटे पडलेले आहे म्हणतात. आम्ही पलीकडच्या काठावरून पाहिले. पाण्यात पडलेले प्रतिबिंब, मागे डोंगर, वर ढग. सगळ्यांनी फोटो काढले, आम्हीही काढले. कॅनडाच्या बाईंनी काढला नाही. त्या म्हणाल्या, "किल्ल्याचे फोटो पुष्कळ आहेत."

दुपारी दीडला इनव्हररी गावी पोहोचलो. गाव लॉख फाइनच्या काठी आहे. पण हा लॉख तलाव नव्हे. समुद्र आत शिरून झालेल्या पाण्यालाही ते लोक लॉखच म्हणतात. म्हणजे आपली खाडीच! ओहोटी होती. उघडा पडलेला चिखल, शेवाळाचा वास, काठाला कलंडलेली होडी. डोळे मिटले तर गावच्या धक्क्यावर उभे आहोत असे वाटावे. तिथेच गवतावर चादर अंथरली. चालकाने आग्नेय दिशा दाखवली, आम्ही फोनवर पडताळून पाहिली आणि नमाज अदा केली. वारा एवढा की चादरीच्या कोपऱ्यांवर दगड ठेवावे लागले. मग डबा उघडला. बाईंना भाकरी दिली. त्यांनी आवडीने खाल्ली आणि हे कशाचे, कसे करतात, विचारून घेतले.

इनव्हररीचा राजवाडा पडका नाही. कॅम्पबेल टोळीचे प्रमुख आर्गाइलचे ड्यूक यांचे घराणे आजही तिथे राहते. हिरवट करड्या दगडाचा आणि चार कोपऱ्यांना टोकदार शिखरांचे गोल बुरूज असलेला. आत शस्त्रांचे दालन आहे. त्याचे छत एकवीस मीटर उंच, आणि भिंतींवर बंदुका, भाले, तलवारी फुलांच्या नक्षीसारख्या मांडलेल्या. पण आम्हाला गाठले ते दुसऱ्याच माहितीने. आज आपण पाहतो ते इनव्हररी गाव मूळ जागेवर नाही. जुने गाव वाड्याला लागूनच होते. १७४० च्या दशकात तिसऱ्या ड्यूकने नवा वाडा बांधायला घेतला आणि गाव नजरेआड हवे म्हणून ते हलवायचे ठरवले. पुढे जुनी घरे पाडली गेली आणि लोकांना आजच्या या पांढऱ्याशुभ्र नीटनेटक्या घरांत आणून बसवले. गावात एक चर्च आहे, त्यात मधोमध भिंत घालून दोन भाग केले होते, एक इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी, एक गेलिक बोलणाऱ्यांसाठी.

या आर्गाइलचा आपल्या महाराष्ट्राशीही संबंध आहे. इनव्हररीत जन्मलेल्या सर आर्चिबाल्ड कॅम्पबेल या सेनापतीने १७८७ मध्ये हिंदुस्थानातल्या चाकरीसाठी ७४ वी हायलँड पलटण उभी केली. हीच पलटण २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या लढाईत शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेसमोर उभी होती. असई आज जालना जिल्ह्यात आहे. त्या दिवशी या पलटणीची भयंकर हानी झाली. तिकडे दऱ्यांतल्या वाड्या उठत होत्या, आणि त्याच मुलखातले तरुण पोटासाठी इंग्रजी पगारावर येऊन आपल्या मुलखातल्या तरुणांना मारत होते आणि मरत होते. राजवाड्याच्या भिंतीवरच्या बंदुका मग आम्हाला नक्षीसारख्या दिसेनात.

परतीच्या वाटेवर एक उंच खिंड लागते. अठराव्या शतकात लष्करी रस्ता बांधणाऱ्या शिपायांनी तिथे दगडावर कोरून ठेवले की विसावा घ्या आणि शुक्र माना. खिंडीचे नावही तेच पडले आहे. शुक्र मानायला सांगणारी खिंड म्हणून आम्ही दोघांनी अल्हम्दुलिल्लाह म्हटले आणि पाणी प्यायलो. तिथून लॉख लोमंडच्या काठी लस नावाच्या गावी चहा झाला. ब्रिटनच्या बेटावर क्षेत्रफळाने यापेक्षा मोठा तलाव नाही. काठावर मिज नावाच्या चिलटांनी आम्हाला फोडून काढले. जूनमध्ये जाणाऱ्यांनी अंगाला लावायचे औषध आणि पूर्ण बाह्यांचे कपडे विसरू नयेत. आपल्या भगिनींना ओढणीचा इथे दुहेरी उपयोग होतो!

चहा घेताना त्या बाईंनी विचारले, "तुमचे मूळ घर कुठे आहे?"

आम्ही सांगितले. खाडी, डोंगर, जांभ्या दगडाचे घर, पुढे ओटी, मागे परसू.

"मग आता तिथे कोण राहते?"

"कोणी नाही. कुलूप आहे."

"चावी कोणाकडे?"

"शेजारच्या चाचींकडे."

त्या म्हणाल्या, "चावी आहे म्हणजे खूपच आहे." एवढे बोलून त्या त्यांच्या स्कोनला लोणी लावू लागल्या. त्यांच्या मनात आम्हाला टोचायचे काही नव्हते. पण घास आमच्या घशाखाली उतरेना.

कारण ते घर आम्हाला कसे मिळाले हे आम्हाला ठाऊक आहे. आमच्या गावात खोती होती. दादा खोताचे कूळ होते. पावसाळ्यात भात लावायचे, पिकल्यावर खोताचा वाटा आधी मोजून द्यायचा, आणि खोताची मर्जी फिरली तर उठायचे. १९४९ मध्ये खोती रद्द करणारा कायदा झाला. कूळ कायद्याने १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कसणाऱ्याला जमिनीचा मालक मानले. दादांना मात्र तेवढ्यावर कागद मिळाला नाही. तालुक्याच्या कचेरीत त्यांनी किती खेपा घातल्या याच्या गोष्टी आम्ही अब्बांकडून ऐकल्या आहेत. चप्पल झिजू नये म्हणून हातात घेऊन ते अनवाणी चालत जायचे. सातबारावर नाव चढले त्या दिवशी दादींनी गूळ वाटला होता.

स्कॉटलंडच्या कुळांना असा आधार १८८६ मध्ये मिळाला. त्या साली किनाऱ्याच्या आणि बेटांवरच्या छोट्या शेतकऱ्यांना जमिनीवरून उठवता येणार नाही असा कायदा झाला. पण ज्या दऱ्यांतून आमची गाडी दिवसभर फिरली तिथले लोक त्याच्या आधीच गेले होते. त्यांची राहायची इच्छा होती, कागद नव्हता. आमच्याकडे कागद आहे. आम्हाला कोणी उठवले नाही. आधी थोरले भाई आखातात गेले, मग धाकटे, मग आम्ही मुलांच्या शिक्षणासाठी मुंबईकडे. एकेक जण चांगल्याच कारणासाठी गेला. पण बारा वर्षांनी ओटीवर उभे राहिले तर दिसते तेच, जे त्या दरीत दिसले.

रात्री घरी पोहोचलो, मगरिब पढलो आणि जावयांना हे सगळे सांगितले. ते म्हणाले, "तिथे आता उलटेही होते आहे." आयग नावाच्या बेटाची गोष्ट त्यांनी सांगितली. पूर्वी ते बेट एकेका धनिकाच्या मालकीचे असायचे. १९९७ मध्ये रहिवाशांनी देणग्या गोळा करून, इतर संस्थांना बरोबर घेऊन ते विकत घेतले. आता ते स्वतःची वीज वारा, पाणी आणि उन्हापासून तयार करतात. जावई म्हणाले, "त्यांनी ते आठवण म्हणून जपायला घेतले नाही. राहायला घेतले."

हे वाक्य आम्हाला महत्त्वाचे वाटले. नुसत्या आठवणीने घर उभे राहत नाही, कौले तर मुळीच टिकत नाहीत. भाईंचा व्यवहारही चुकीचा म्हणता येणार नाही. दरवर्षीचा डागडुजीचा खर्च तेच पाठवतात. त्यांना दोष देऊन सही नाकारणे सोपे होते, पण इमानदारीचे नव्हते.

मग आम्हाला आमचीच एक चूक आठवली. गावात चुलत भावाचा मुलगा आहे. आंबा आणि काजूचा छोटा धंदा करतो. भाड्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये माल ठेवतो, पावसाळ्यात नुकसान सोसतो. त्याने दोनदा विचारले होते, "काका, माजघर आणि पडवी मला भाड्याने द्याल का?" आम्ही हो म्हटले नाही, नाही म्हटले नाही. मनात भीती, की उद्या हक्क सांगेल. ज्या घरासाठी दादा अनवाणी चालले, ते घर आम्ही दादांच्याच पणतवाला द्यायला भीत होतो आणि परक्या गिऱ्हाइकाला विकायला नाही!

दुसऱ्या दिवशी भाईंना फोन केला. म्हटले, "विकू नका असे आम्ही सांगत नाही. एक वर्ष द्या. पोराला रीतसर भाडेकरार करून आत येऊ द्या. भाड्यातून कौले निघतील. वर्षाने बकरी ईदला तिघे भाऊ गावी जमू, ओटीवर बसून ठरवू. फोनवर नको." भाई बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "चावी अजून चाचींकडेच आहे ना?"

परत आल्यावर आम्ही गावी जाऊन आलो. करार झाला आहे. पोराने पहिल्याच आठवड्यात परसातले रान साफ केले, तेव्हा अम्मीची दगडी पाटी सापडली. धुऊन ठेवली आहे. वर्षभराने काय ठरेल ते अल्लाहच जाणे. कदाचित विकूही. पण विकले तरी ते बंद कुलपाकडे पाहून नव्हे, राहते घर पाहून विकू.

तुमच्याही गावी असे एखादे बंद घर असेल. चावी कोणाकडे आहे आणि ते घर मागणारे आपलेच कोणी आहे का, एवढे आज विचारून पाहा. आणि आम्हाला जरूर लिहा. पत्रे पुढच्या अंकात घेऊ, इन्शाअल्लाह.